छोटा कुत्रा आणायचाय, पण कुठला? तुमचे खरेखुरे अनुभव लिहा

घरात कुत्रा आणायचा हे ठरलंय. छोटा आणायचा हेही ठरलंय, कारण घर लहान, लिफ्ट मनात आलं तर चालते, आणि माझ्या गुडघ्यांना घेऊन दहा किलोच्या वरचं काहीही मी जिन्याने वर नेऊ शकत नाही. गाडी अडलीये ती ब्रीडवर. व्हिडिओ बघून बघून घरात प्रत्येकाचं वेगळं मत झालंय. मुलीला पॉमेरेनियन, नवऱ्याला बीगल, सासूबाईंना "जो भुंकणार नाही तो".

आमचा दिवस सांगते म्हणजे अंदाज येईल. सकाळी नऊपर्यंत नुसती पळापळ. आठवड्यातले तीन दिवस मी घरून काम करते, दोन दिवस ऑफिस, तेव्हा घरी फक्त सासूबाई, त्यांना खाली वाकता येत नाही. फिरवायला रोज पाऊण तास निघेल असं मला वाटतं. मुलगी नऊ वर्षांची.

"आमचा किती गोड आहे" हे नका लिहू प्लीज, गोड सगळेच असतात. काय चुकलं, रात्री कशासाठी उठावं लागतं, पुन्हा तेच ब्रीड आणाल का, ते लिहा.

*

मी सुरुवात करतो. जॅक रसेल. सहा किलोचा आहे म्हणजे घरात मावेल असा माझा हिशोब, आणि मावतो हो, पण एका जागी थांबेल तर शपथ. नंतर वाचलं की एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन रसेल नावाच्या शिकारीवेड्या पाद्र्याने कोल्ह्यांमागे दिवसभर पळायला आणि बिळात घुसून त्यांना बाहेर काढायला ही जात तयार केली. हे आधी वाचलं असतं तर सोफा वाचला असता. कोपऱ्यातून फोम उकरून त्याने अक्षरशः बीळ केलं आणि आत जाऊन बसला, आम्ही घरभर हाका मारतोय.

मग मी काय केलं, याला दमवू म्हणून रोज सकाळी पाच किलोमीटर पळवायला लागलो. दोन महिन्यांनी माझं वजन उतरलं आणि त्याचा स्टॅमिना दुप्पट झाला. खरा फरक पडला तो डोकं दमवल्यावर. आता त्याचं अर्धं खाणं बाउलमध्ये पडतच नाही, जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत, खोक्यात, दाराच्या मागे लपवून ठेवतो, वीस मिनिटं शोधतो आणि झोपतो. पाऊण तासवाल्यांनी या वाटेला जाऊ नये. मी मात्र पुन्हा हाच आणेन, माझं डोकं फिरलेलंच आहे.

*

डॅशहुंडवाली बोलतेय, जरा लांबण लागेल.

आमचा मिनिएचर, पाच किलोच्या आतला. स्वभाव एक नंबर, गोधडीत शिरून झोपणार, घरातल्या एका माणसाला आपला मानणार आणि बाकीच्यांना भाडेकरू. साडेचार वर्षांचा असताना एका संध्याकाळी तो सोफ्यावरून उतरायचंच टाळायला लागला, आम्हाला वाटलं नखरे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर खर्र खर्र असा आवाज आला म्हणून बघितलं तर मागचा एक पाय उचलला जात नव्हता, नखं घासत येत होता. तो आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो. पाठीच्या मणक्यातली चकती सरकलेली. लांब पाठ आणि आखूड पाय ज्या जनुकामुळे होतात त्याच्यामुळेच यांच्या चकत्या फार लवकर कडक होतात, म्हणजे दिसायला जे गोंडस तेच दुखणं. आमचं नशीब की पायाला चिमटा घेतलेला त्याला कळत होता, त्यामुळे ऑपरेशन टळलं, पण सहा आठवडे पिंजऱ्यात, शी-शूला उचलून न्यायचं आणि परत आत. आम्ही दोघं आलटून पालटून जमिनीवर पिंजऱ्याशेजारी झोपलो.

आता सोफ्याला रॅम्प, पलंगाला रॅम्प, जिना बंद. उचलताना एक हात छातीखाली, एक मागच्या बाजूला, पाठ आडवी सरळ. काखेत धरून उचलायचं नाही, पाहुण्यांनाही दारातच सांगते. वजन अर्धा किलो वाढलं तरी मी खाणं कमी करते, तो मला शिव्या देतो.

आणि आवाज! नावातच बिज्जू आहे, जर्मनमध्ये डाख्स म्हणजे बिज्जू, बिळात राहणारा प्राणी, त्याच्या शिकारीसाठीच ही जात. बिळातून भुंकलेलं वर उभ्या शिकाऱ्याला कळावं म्हणून ती छाती आणि तो आवाज. दाराबाहेर कोणी नुसतं थबकलं तरी सायरन. ताई, बंद लिफ्ट अधिक जिना अधिक सासूबाई हे बघता तुम्हाला नाही म्हणेन.

*

पग. आठ वर्षं झाली.

घोरतो म्हणून हसायचो आम्ही. माझ्या ऑनलाइन मीटिंगमध्ये सगळे विचारायचे मागे कोण झोपलंय. मग एक दिवस दुपारी तीनला, ऊन होतं पण फार नव्हतं, दहा मिनिटं चाललो आणि तो बसला, जीभ जांभळट. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो गार होतो, आणि याला धापच नीट टाकता येत नाही कारण नाक चेपलेलं, टाळूचा मऊ भाग लांब, सगळं घशात गर्दी करून बसलेलं. डॉक्टर म्हणाले हे घोरणं नाही, हा श्वासासाठी चाललेला झगडा आहे. नाकपुड्या आणि टाळूचं ऑपरेशन केलं. दुसऱ्या दिवशी तो इतका शांत झोपला की मी तीनदा छातीवर हात ठेवून बघितलं.

बाकी बारीकसारीक: नाकावरची घडी रोज पुसून कोरडी करायची, नाहीतर ओल्या मोज्यांसारखा वास येतो. डोळे बाहेर आलेले, मांजराने एक पंजा मारला आणि बुबुळाला जखम. आणि केस! आखूड केस म्हणजे गळत नाहीत असं ज्याने सांगितलं त्याला माझी काळी पँट दाखवायचीय. जीव आहे माझा त्याच्यावर, पण चपट्या नाकाचं पिल्लू पुन्हा आणणार नाही. फ्रेंच बुलडॉगचंही तेच, कितीतरी विमान कंपन्या या चपट्या नाकवाल्यांना सामानाच्या कक्षातून न्यायला तयार नसतात, यातच काय ते समजा.

*

अरे सगळे घाबरवताय काय त्यांना! आमची शित्झू, अकरा वर्षांची. आम्ही दोघं रिटायर्ड, सकाळ-संध्याकाळ वीस वीस मिनिटं हळूहळू चालतो, मध्ये एक झाड दहा मिनिटं हुंगतो (ती हुंगते, आम्ही उभे). तीही थोड्या चपट्या नाकाचीच, उन्हात नेत नाही हे मान्य. भुंकणं फक्त बेल वाजली की.

पण केस म्हणजे नोकरी आहे हं. तिचे केस वाढतच राहतात माणसासारखे. रोज कंगवा, कानामागे आणि पुढच्या पायांच्या काखेत आधी, कारण गाठी तिथेच होतात आणि दोन दिवस सोडलं की नमद्यासारखा गोळा, मग कापायलाच लागतो. आम्ही लांब केसांचा नाद सोडला, दीड महिन्याने बारीक कापून घेतो.

एक गैरसमज: केस गळत नाहीत म्हणून ॲलर्जी होणार नाही असं वाटून आणली, आणि सूनबाई पहिल्या दिवसापासून शिंकतेय. ॲलर्जी केसांची नसतेच, लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रोटीनची असते, ते प्रत्येक कुत्र्यात असतं. घरात कोणाला त्रास असेल तर आणण्याआधी त्याच कुत्र्याबरोबर दोन-तीनदा तासभर बसून बघा.

*

पॉमेरेनियनबद्दल दोनच गोष्टी. उकडतं म्हणून आम्ही ग्रूमरला सांगून मुळापासून केस काढले. दीड वर्ष पाठीवर टक्कल होतं. त्यांच्या केसांचे दोन थर असतात, पूर्ण भादरलं की कधीकधी परत येतच नाहीत. दुसरं, गळपट्टा नको, हार्नेस घ्या. श्वासनलिका नाजूक असते, ओढ बसली की हंसासारखा खोकला. आणि हो, सासूबाईंची अट असेल तर मुलीला आत्ताच समजवा. आमचा वाऱ्यावरही भुंकतो.

*

नवरोबांच्या बीगलसाठी खास लिहितोय.

बीगल म्हणजे चार पायांवर चालणारं नाक. अमेरिकेत १९८४ पासून विमानतळांवर बॅगांतलं खाणं हुंगून काढायला बीगल ठेवलेत. माझ्याकडचा तेच काम बिनपगारी करतो. कचऱ्याचा डबा बाथरूममध्ये, बाथरूमला कडी. मुलीच्या दप्तरातून चॉकलेट काढून खाल्लं, रात्री अकराला डॉक्टरकडे पळालो, उलटी करवली, वाचला. (चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, शुगरफ्री च्युइंगममधलं झायलिटॉल, हे सगळं घरात कुठे पडलंय ते आधीच बघून ठेवा, छोट्या कुत्र्याला थोडंही पुष्कळ होतं.)

वास लागला की कान बंद. मोकळं सोडायचं नाही म्हणजे नाही. एकटं राहणं अजिबात जमत नाही, ती जात मुळात झुंडीने शिकार करणारी. आम्ही ऑफिसला गेलो की वरच्या पट्टीत हुंदका लावायचा, शेजाऱ्यांनी दाराखालून चिठ्ठी सरकवली, "तुमचं बाळ दोन तास रडतंय". वजनही दहाच्या वरच जातं सहसा, तुमच्या गुडघ्यांनी आधीच उत्तर दिलंय.

*

कॅव्हेलियरचं (किंग चार्ल्स स्पॅनिएल) कोणी लिहिलं नाही म्हणून. तुमच्या दिवसात हा अगदी फिट्ट बसेल. पाऊण तास पुरतो, मुलांशी मऊ, भुंकणं कमी, दिवसभर मांडीवर. आमच्या घरी आलेला चोरही त्याने प्रेमाने चाटला असता. पण सहाव्या वर्षी तपासणीत हृदयात मर्मर (झडप नीट मिटत नसल्याचा जादा आवाज) निघाली, सातव्या वर्षी गोळ्या चालू, झोपेत मिनिटाला श्वास किती ते मोबाइलवर स्टॉपवॉच लावून मोजायचो, तिसाच्या वर गेले की डॉक्टरला फोन. झडपेचा हा आजार यांच्यात इतका आहे की नॉर्वेत २०२२ साली कोर्टाने या जातीची पैदास प्राण्यांच्या कायद्यात बसत नाही असा निकाल दिला. ज्याने आम्हाला पिल्लू दिलं त्याला आईबापांच्या हृदयाच्या तपासणीचे कागद मागितले नव्हते मी. गोंडस पिल्लू हातात असताना कागद कोण मागतं? पण मागा. आणि आई दाखवतच नसतील, किंवा आठ आठवड्यांच्या आत पिल्लू देत असतील, तर उलट्या पावली परत या.

*

चिवावा, दोन किलो. लहान मूल असलेल्या घरात आणू नका. आमचा मुलगा तेव्हा तीनचा, त्याच्या मांडीवरून निसटली आणि पुढचा पाय मोडला. चूक आमची, तिची नाही, त्याचीही नाही. नऊ वर्षांची मुलगी सांभाळेल कदाचित, पण जमिनीवर बसूनच घ्यायचं हा नियम हवा. "टीकप" म्हणून कोणी काही विकत असेल तर तशी जातच नसते, मुद्दाम बारीक ठेवलेली पिल्लं असतात, एक जेवण चुकलं तरी साखर उतरून गळून पडतात.

दात पण बघा सगळ्या छोट्या जातींचे. इवल्याशा जबड्यात तेवढेच बेचाळीस दात, दुधाचे पुष्कळदा वेळेवर पडत नाहीत, मागे कीट साठतं. रोज ब्रश. हसू नका, रोज.

*

माझा मुद्दा वेगळाच आहे. तुम्ही पिल्लूच का धरून चाललाय? पिल्लू म्हणजे रात्री दोनदा उठणं आलं, आणि ऑफिसच्या दोन दिवशी शू कोण पुसणार, सासूबाईंना वाकता येत नाही म्हणताय. मी चार वर्षांचा मिक्स आणला, आठ किलो, कान एकाचे शेपूट दुसऱ्याची. दोन आठवडे ट्रायलवर घरी ठेवला तेवढ्यात सगळं कळलं. एकटा राहतो, मिक्सरला घाबरतो, मांजर चालत नाही. पिल्लाचं हे तुम्हाला दीड वर्षाने कळतं आणि तेव्हा ते तुमचं झालेलं असतं.

*

मूळ धागावाली. सगळं दोनदा वाचलं, सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं.

पाऊण तासाचं मी लिहिलं होतं ना, गेले आठ दिवस खरंच लिहून ठेवलं. कुत्रा नाही तर मीच रोज खाली जाऊन फेऱ्या मारून आले. सरासरी सव्वीस मिनिटं. एक दिवस शून्य. त्यामुळे जॅक रसेल आणि बीगल बाद, नवरा दोन तास फुगला होता. मुलीने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून वही घेतली आणि कोण किती वाजता खाली नेणार ते लिहिलं, त्यात स्वतःच्या नावापुढे दोनच दिवस, पण ठीक आहे.

पाच वर्षांची एक शित्झू मिक्स आहे, तिच्या घरचे परदेशी चाललेत. शनिवारी बघायला जातोय, ॲलर्जीसाठी तासभर बसणार, आणि तिला मागे ठेवून ते बाहेर पडतात तेव्हा ती काय करते तेही बघू म्हणाले आहेत. तोवर एक विचारते, डॅशहुंडवाल्या ताई, तुमच्या रॅम्पला वर कार्पेट चिकटवलंय की खिळे मारलेत? आमचा सोफा दीड फुटाचा आहे, लांबी किती घेऊ?

*

खिळे अजिबात नको, वर येतात. रबरी मॅट चिकटवलीये, कार्पेटवर नखं अडकायची. दीड फुटाला निदान चार फूट घ्या, उतार सौम्य हवा. आणि पहिले तीन दिवस ती रॅम्प सोडून उडीच मारणार, बाजूला उशा लावून ठेवा.