छोट्या खाजगी संग्रहासाठी सॉफ्टवेअर: आधी एक्सेलसारखी साधी शीट, ओमेकासारखी संग्रह साइटवर मांडायची सॉफ्टवेअरं नंतर. पटतंय का?

टिपणवही
तीनचारशे पोस्टकार्डं, थोडी नाणी, काही जुनी पुस्तकं एवढा संग्रह असलेले लोक पहिला प्रश्न विचारतात तो "सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?" आणि माझ्या मते घोळ तिथूनच सुरू होतो. आधी रकाने ठरवा ना. पोस्टकार्ड घ्या: नंबर, पुढच्या बाजूचं चित्र, मागचा मजकूर, छापणारा, शिक्क्यावरची तारीख, अवस्था. आता शिक्का पुसट असेल आणि कार्ड 1910 च्या आसपासचं वाटत असेल तर ते कसं लिहिणार? मी दोन रकाने ठेवतो, "या सालापासून" आणि "या सालापर्यंत", आणि तिसऱ्यात शिक्क्यावर जसं दिसतं तसं. हे एकदा ठरलं की कुठलंही सॉफ्टवेअर चालतं, नाही ठरलं तर कुठलंच चालत नाही.

कलेक्टिव्हअ‍ॅक्सेस चांगलंच आहे पण ते म्युझियमचं काम, त्याचेच दोन भाग, नोंदी करायला प्रॉव्हिडन्स वेगळं आणि लोकांना दाखवायला पॉटकेट वेगळं, एकट्या माणसाने कशाला एवढं ओढायचं. कोहा तर लायब्ररीसाठी, देवघेव नसेल तर त्यातलं अर्धं नुसतं पडून राहतं. माझं मत: एक शीट, फोटोंचं एक फोल्डर (फाइलचं नाव म्हणजे वस्तूचा नंबर), आणि वर शीटवरून साइट बनवणारं कलेक्शनबिल्डर. आयडाहो विद्यापीठाच्या लायब्ररीने बनवलंय, सीएसव्ही (शीट साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवलेली) दिली की नकाशा, कालरेषा, शोध सगळं असलेली साइट तयार होते. मागे डेटाबेस नाही, त्यामुळे दोन वर्षं हात लावला नाही तरी चालू राहते.

कपाट_नं_७
अजिबात पटलं नाही. शीट सुरक्षित वाटते पण सगळ्यात जास्त नासधूस तिथेच होते. एक्सेलमध्ये 0042 टाका, 42 होतं. "3-4" लिहा, तारीख होते. आणि 1900 च्या आधीची तारीख तर एक्सेल तारीख म्हणून धरतच नाही, जुन्या वस्तूंच्या संग्रहाला हे कसं परवडेल? त्यात एकाच फोटोग्राफरचं नाव तीन स्पेलिंगनी पडतं आणि शोधताना निम्मी कार्डं सापडत नाहीत.

ओमेका एस मध्ये फोटोग्राफरची नोंद वेगळी करून कार्डांना जोडता येते, एकदा दुरुस्त केलं की सगळीकडे दुरुस्त. ओमेका 2008 पासून आहे, जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या लोकांनी सुरू केलेलं, आणि डब्लिन कोअरचे (म्हणजे वस्तूंच्या नोंदीसाठी सगळीकडे चालणाऱ्या ठरावीक यादीचे) 15 रकाने तयार मिळतात, तेव्हा रकाने ठरवायला वेगळं डोकं लावायची गरज नाही.

टिपणवही
@कपाट_नं_७ रकान्याचा फॉरमॅट आधीच टेक्स्ट करून ठेवला की हे काही होत नाही, आणि नावांसाठी ड्रॉपडाउन लावता येतो. पण माझ्या मुद्द्याचं काय? ओमेका एस स्वतः चालवायचं तर सर्व्हरवर पीएचपी (प्रोग्राम चालवायला) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) लागतं, अपडेट करत राहावं लागतं, दुर्लक्ष केलं तर साइट हॅक होते. हे सगळं कायम कोण बघणार?

सुटसुटीत
तुम्ही दोघंही कॉम्प्युटरवाल्यांसाठी बोलताय हो. संग्रह अर्धवट राहतो तो बहुतेक वेळा नोंदी करायचा कंटाळा आला म्हणून, सॉफ्टवेअर बंद पडलं म्हणून नाही. पुस्तकं असतील तर लायब्ररीथिंग घ्या, 2005 पासून चालू आहे, पुस्तकावरचा आयएसबीएन नंबर टाकला की लेखक, प्रकाशक आपोआप येतात, आणि 2020 पासून पुस्तकांच्या संख्येवर फुकटात मर्यादा नाही. आज बसलात तर आज रात्री लिंक शेअर कराल. रकाने ठरवत बसलात तर वर्ष जाईल.

टिपणवही
पुस्तकांपुरतं मान्य. पण नाणी, पत्रं, पोस्टकार्डं? आणि दुसऱ्याच्या सेवेवर सगळं ठेवताना फोटो ठेवायचं फ्लिकर आठवा. 2013 मध्ये 1 टीबी फुकट दिली होती, 2019 पासून फुकट खात्याला 1000 फोटोंची मर्यादा. फोटोंचंच पिकासा 2016 मध्ये बंदच केलं गूगलने. लायब्ररीथिंगमधून निदान यादी फाइलमध्ये उतरवून घेता येते, ती दर महिन्याला घ्याच.

कुलूपकिल्ली
सुरक्षिततेवर कुणीच कसं बोलत नाही? खाजगी संग्रह आहे म्हणजे तो कुणाच्या तरी घरात आहे. फोनने काढलेल्या फोटोत लोकेशन असू शकतं, ते काढल्याशिवाय मूळ फाइल चढवलीत की घराचा पत्ता दिल्यासारखंच. आणि @टिपणवही, कलेक्शनबिल्डरच्या साइटसाठी तुमची सीएसव्ही गिटहबवर (फाइली आणि त्यांच्या सगळ्या जुन्या आवृत्त्या जपणारी सेवा) सार्वजनिक ठेवली की खरेदीची किंमत, कुठल्या कपाटात आहे, कुणाकडून घेतली हे सगळे रकाने कुणीही उतरवून घेऊ शकतं. नंतर रकाना उडवलात तरी जुन्या आवृत्त्यांमध्ये तो तसाच राहतो! मला हे फार गंभीर वाटतं, विशेषतः मौल्यवान नाणी असतील तर.

कपाट_नं_७
अगदी बरोबर, आणि ओमेका एस मध्ये प्रत्येक माहितीसमोर डोळ्याचं चिन्ह असतं, ते बंद केलं की किंमत फक्त तुम्हाला दिसते, बाकी नोंद सगळ्यांना. शीटवाल्यांकडे याला काय उत्तर आहे?

टिपणवही
आहे उत्तर. मूळ शीट स्वतःजवळ, तिच्यातच दुसरा टॅब, त्यात फॉर्म्युल्याने फक्त दाखवायचे रकाने ओढायचे आणि तेवढाच टॅब सीएसव्ही म्हणून उतरवायचा. दोनदा लिहावं लागत नाही आणि किंमत घराबाहेर जातच नाही. ओमेकात ती सर्व्हरवर असते, फक्त झाकलेली. माझा भरवसा पहिल्या पद्धतीवर जास्त आहे.

सुटसुटीत
हा टॅबचा प्रकार मात्र माझ्यासारख्यालाही जमेल.

कपाट_नं_७
मी ओमेकावरच ठाम आहे, कारण संग्रह हजारांत गेला आणि पत्रं, माणसं, ठिकाणं एकमेकांत गुंतायला लागली की शीट आवरत नाही. पण नवीन माणसाला एवढं सांगेन, काहीही निवडा, आधी वीसेक नोंदी फोटोंसकट भरा, त्या बाहेर काढा आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घालून बघा. मजकूर बहुतेक येतो, पण कुठला फोटो कुठल्या नोंदीचा हे तुटतं, आणि ते वीस नोंदींवर कळलेलं बरं.

टिपणवही
म्हणूनच फाइलच्या नावात वस्तूचा नंबर ठेवा म्हणतोय. ओमेकात फोटो चढवला की सर्व्हरवर त्याला लांबलचक नवीन नाव मिळतं, तेव्हा मूळ फोटोंचं फोल्डर अजिबात उडवू नका.