तीन वर्षांनी फ्लॅट विकायचाय, आत्ता पैसे कशावर घालू?

मनीषा_कोथरूड
आमचा कोथरूडला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. १९९६ सालची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मुलाची बारावी झाली की विकून सासूबाईंजवळ साताऱ्याला जायचं ठरलंय. हाताशी चार लाख आहेत. ह्यांचं म्हणणं, हॉलला फॉल्स सीलिंग आणि स्वयंपाकघरात ट्रॉल्या केल्या की घर उठून दिसेल, भाव चांगला येईल. मला वाटतं आधी बाथरूम. सकाळी नळ सोडला की पहिली अर्धी बादली तांबूस पाणी येतं. घेणारा माणूस नक्की काय बघतो?

शुभा_नाशिक
ताई, बाथरूमच. मी २०२२ मध्ये इंदिरानगरचा फ्लॅट विकला. त्याआधी सीलिंग, आतले दिवे, वॉलपेपर, सगळं हौसेनं केलं होतं. बघायला आलेल्या काकांनी वर मान करून पाहिलंसुद्धा नाही. थेट पॅसेजमध्ये गेले आणि बाथरूमच्या मागच्या भिंतीवर, गुडघ्याच्या उंचीला तळवा टेकवला. रंगाचा पापुद्राच हाताला आला. पुढचं सगळं बोलणं ओलीवर. शेवटी दीड लाख सोडावे लागले. गळतीचं काम साठ हजारांत होत होतं. अजून मनाला लागतं ते.

तांबूस पाणी म्हणजे बहुतेक जुने जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, आतून गंजलेत. ते काढून सीपीव्हीसी, म्हणजे न गंजणारे प्लास्टिकचे, टाका. फरशी उखडणारच आहात तर वॉटरप्रूफिंगही करून घ्या, आणि नवी फरशी बसायच्या आधी जाळी बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवा. खालच्यांच्या घरी जाऊन छत स्वतः बघा. गवंडी म्हणेल एक रात्र पुरे, ऐकू नका. भिंत बुजवण्याआधी पाइपांना टेप लावून फोटो काढा. पुढच्या मालकाला ड्रिल मारताना तेच उपयोगी पडतात, आणि दाखवले की त्याचा विश्वास बसतो.

हिशेबनीस
जीएसटीची पक्की बिलं घ्या, पैसे बँकेतूनच द्या. असं कायमचं काम सुधारणेचा खर्च म्हणून भांडवली नफ्यातून, म्हणजे घर विकून झालेल्या करपात्र नफ्यातून, वजा मागता येतं. नुसता रंग, सुटं फर्निचर धरत नाहीत. घर २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं, त्यामुळे इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून धरणं) धरून २० टक्के किंवा न धरता १२.५ टक्के, जो कर कमी बसेल तो.

जुना_सेक्रेटरी
सोसायटीत रिडेव्हलपमेंटचं, म्हणजे इमारत पाडून नवी बांधायचं, बोलणं चालू आहे का? असेल तर गळती थांबवा आणि बाकी पैसे राखून ठेवा. तेव्हा घेणारा कार्पेट एरिया किती आणि वाढीव जागा किती मिळणार, एवढंच विचारतो. बाल्कनी मात्र खोलीत घेऊ नका. घेणाऱ्याला कर्ज देणाऱ्या बँकेचा व्हॅल्युअर (घराची किंमत ठरवणारा) मंजूर नकाशा हातात घेऊन येतो आणि घर त्याच्याशी ताडून बघतो.

मनीषा_कोथरूड
रिडेव्हलपमेंटचा विषय अजून सभेत आलेला नाही, तरी सेक्रेटरींना विचारते. शुभाताई, तुमचं वाचून आत्ताच पॅसेजच्या भिंतीला हात लावून आले. कपाटाच्या कडेला वीतभर पट्टा गार लागतोय. रविवारी ह्यांच्याकडून कपाट सरकवून घेते आणि फोटो टाकते.