हाइनने थापा मारून गिरणीत कॅमेरा नेला, आणि बरोबरच केलं

मृण्मयी
लुईस हाइन न्यूयॉर्कमध्ये शिक्षक होता. १९०८ मध्ये शाळा सोडून तो बालमजुरीविरुद्ध झगडणाऱ्या ‘नॅशनल चाइल्ड लेबर कमिटी’साठी राबणाऱ्या मुलांचे फोटो काढत अमेरिकेतल्या कापड गिरण्या, काचेचे कारखाने, कोळशाच्या खाणी फिरू लागला. कॅमेरा दिसला की मालक फाटकातूनच हाकलायचे. म्हणून हा कधी बायबल विकायला आलेला, कधी पोस्टकार्डवाला, कधी यंत्रांचे फोटो काढणारा. मुलांची उंची स्वतःच्या कोटाच्या बटणांवरून मोजायची आणि खिशात हात घालून तिथल्या तिथे टिपून ठेवायची.

हल्ली हे फोटो रंग भरून, भावुक दोन ओळी चिकटवून फिरतात. हाइनने स्वतः लिहिलेला मजकूर गळून पडतो, आणि माझ्या मते अर्धं काम त्या मजकुराचंच आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या व्हिटनेलची एक सूत कातणारी पोर बघा. उंची ५१ इंच. गिरणीत येऊन वर्ष झालेलं, कधी कधी रात्रपाळी, मजुरी दिवसाला ४८ सेंट. वय विचारलं तर आधी घुटमळली, मग म्हणाली आठवत नाही, मग हळूच सांगितलं की कामाला लागण्याएवढी मोठी नाही मी, तरी करते.

खरं सांगून आत गेला असता तर हे त्याला कोणी सांगितलं असतं? त्या थापांचं मी पूर्ण समर्थन करते.

काळापांढरा
मालकाला फसवलं याचं मलाही काही वाटत नाही. प्रश्न मुलांचा आहे. १९१० मध्ये व्हरमाँटच्या नॉर्थ पाउनलमध्ये त्याने एका अनवाणी मुलीचा फोटो काढला. खाली तिचं नाव लिहिलं, आणि अंगात रक्त नसलेली पोर असं वर्णनही. १९९८ मध्ये तो फोटो अमेरिकेच्या टपाल तिकिटावर आला. तोवर नव्वदी ओलांडून ती बाई वारली होती. एवढं लांब आयुष्य जगली, पण जगाच्या लेखी ती त्या सूत कातायच्या साच्याशेजारीच उभी. तिला कोणी विचारलं होतं?

आपल्याकडे आज कामावर सापडलेल्या मुलाचा फोटो नावासकट छापला तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा होतो. तो नियम अशाच अनुभवांतून आलाय.

मृण्मयी
नाव, गाव, तारीख नसती तर मालकांनी ते फोटो एका दिवसात खोटे ठरवले असते. मूल आईला डबा द्यायला आलंय, एवढंच म्हणायचं. म्हणून तर हाइन फोटोत जराही फेरफार होऊ देत नव्हता. आणि विचारायचं कोणाला? आईबापांना? मुलांना गिरणीत त्यांनीच घातलं होतं. १९१६ चा बालमजुरीविरोधी कायदा रद्द व्हावा म्हणून कोर्टात गेला तो नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट गावचा डेगनहार्ट, गिरणीत राबणाऱ्या दोन मुलांचा बाप. १९१८ मध्ये सुप्रीम कोर्टात ५ विरुद्ध ४ मतांनी तो जिंकला. पुढे त्यातलाच एक मुलगा मोठेपणी बातमीदाराला सांगतो की आम्ही हरलो असतो तर माझं जास्त भलं झालं असतं!

गिरणगावकर
या खटल्यातूनच फोटोंची ताकद किती होती ते कळतं. कायदा आला, दोन वर्षांत गेला. १९१९ मध्ये मुलं राबवणाऱ्या मालकांवर कर लावून पाहिला, तोही १९२२ मध्ये कोर्टाने उडवला. बालमजुरीवर कायदा करता यावा म्हणून आणलेली १९२४ ची घटनादुरुस्ती पुरेशा राज्यांनी कधी मान्यच केली नाही. टिकाऊ कायदा आला तो १९३८ मध्ये, महामंदीने मोठ्या माणसांनाच काम उरलं नव्हतं तेव्हा. मुंबईच्या गिरण्यांत सात वर्षांखालच्या मुलांना बंदी १८८१ ची, नवाखालच्यांना १८९१ ची. तिथे कुठला हाइन होता? इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांना मुंबईची स्पर्धा खुपत होती, आणि १८९१ च्या आधी नारायण मेघाजी लोखंडे कामगारांच्या सभा घेत होते.

अजून एक. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गिरण्यांच्या त्या फोटोंत काळी मुलं जवळपास नाहीतच, कारण साच्यावर त्यांना घेतच नसत. ती शेतात राबत होती. कमिटीच्या दक्षिणेतल्या प्रचाराचा सूर तर ‘गोऱ्या वंशाची मुलं वाया चालली’ असा होता. त्या कळवळ्यालाही कुंपण होतं.

मृण्मयी
सूर वाईटच होता, त्यावर वाद नाही. पण १९०० च्या जनगणनेत १० ते १५ वयाची साडेसतरा लाख मुलं कामावर असल्याची नोंद होती आणि तो आकडा वाचून कोणी हललं नाही. राज्याराज्यांत वयाच्या अटी कडक होत गेल्या त्या १९३८ ची वाट न बघता, आणि त्या राज्यांच्या कायदेमंडळांत हे फोटो दाखवले गेले होते.

काळापांढरा
मग त्या व्हिटनेलच्या पोरीचंच बोलू. आपलं वय कमी आहे हे तिने हळूच सांगितलं होतं, विश्वासाने. त्याने छापलं.

मृण्मयी
त्या फोटोखाली नाव नाही. जिथे मूल अडचणीत आलं असतं तिथे त्याने नाव लिहिलं नाही, असं मी त्याचं वाचन करते.

काळापांढरा
नाव नाही, पण गिरणीचं नाव आहे, चेहरा आहे. आणि त्याच मजकुरात पुढे लिहिलंय की ५० कामगारांत तिच्याएवढी दहाच मुलं होती. मुकादमाला ती ओळखायला कितीसा वेळ लागला असेल?