रॅम संपल्यासारखी दिसतेय, सीपीयू मात्र निवांत, आणि तरी साइट स्लो?

कोरीपाटी:
मंडळी, जरा मदत पाहिजे. २ कोर, ४ जीबी रॅमचा व्हीपीएस (भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर) आहे, त्यावर एनजिनएक्स (वेब सर्व्हर), पीएचपी-एफपीएम (साइटचा पीएचपी कोड चालवणारा) आणि मारियाडीबी १०.६ (डेटाबेस). गर्दी वाढली की साइट अक्षरशः रडायला लागते. मेमरी दाखवणारी फ्री कमांड मारली तर फ्रीच्या रकान्याखाली जेमतेम १५० एमबी, म्हणजे रॅम संपलीच ना? पण टॉप कमांडमध्ये लोड ॲव्हरेज (चालू आणि ताटकळलेल्या टास्कची सरासरी संख्या) ६ च्या आसपास आणि त्याच वेळी सीपीयूचा यूएस (प्रोग्रॅम चालवण्यात गेलेला वेळ) १२-१५ टक्क्यांच्या वर जात नाही, हे दोन्ही एकाच वेळी कसं काय खरं असेल? होस्टिंगवाले म्हणतात प्लॅन वाढवा.

रात्रपाळी:
थांबा, एवढ्यात पैसे घालू नका. फ्रीचा रकाना बघून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. लिनक्स रॅम नुसती पडून राहू देत नाही, डिस्कवरून वाचलेल्या फायली तिच्यात धरून ठेवतो आणि एखाद्या प्रोसेसला जागा लागली की सोडून देतो. शेवटचा 'अव्हेलेबल' रकाना बघा. हा अंदाज २०१४ पासून कर्नल स्वतःच काढून देतो, त्याआधी लोक फ्री, बफर्स आणि कॅश्डची बेरीज मारायचे आणि फसायचे, कारण कॅशमध्ये टीएमपीएफएस (रॅममध्येच ठेवलेल्या फायली) आणि शेअर्ड मेमरीपण (अनेक प्रोसेसची सामाईक) मोजली जाते आणि ती अशी सहज सोडता येत नाही.

टर्मिनलवाला:
आणि लोड म्हणजे सीपीयूचा वापर नव्हे. लिनक्सच्या लोडमध्ये सीपीयूवर चाललेल्या आणि सीपीयूसाठी थांबलेल्या टास्क तर येतातच, पण डी स्टेटमधल्या, म्हणजे बहुतेक वेळा डिस्ककडून डेटा यायची वाट बघत अडकलेल्यासुद्धा येतात. तुमची रांग डिस्कच्या खिडकीवर लागलीय असं वाटतंय. टॉपच्या वरच्या ओळीत डब्ल्यूए (डिस्कची वाट बघण्यात गेलेला सीपीयूचा वेळ) किती टक्के ते बघा, सोबत एसटीपण, तो चढा असेल तर तुमच्या वाट्याचा सीपीयू त्याच मशीनवरचे दुसरे व्हीपीएस खातायत. मग गर्दीच्या वेळी 'व्हीएमस्टॅट १' चालू ठेवून बी (अडकलेल्या टास्क), एसआय आणि एसओ (स्वॅपमधून, म्हणजे डिस्कवर टाकलेल्या मेमरीतून, आत आणि बाहेर) सांगा. पहिली ओळ सोडून द्या, ती बूट झाल्यापासूनची सरासरी असते.

कोरीपाटी:
अव्हेलेबल २.१ जीबी आहे!! डब्ल्यूए ५५ ते ६०, एसटी शून्य, बी मध्ये ४-५. स्वॅप ३०० एमबी वापरलेला दिसतोय पण एसआय-एसओ दोन्ही शून्य. आयओटॉपमध्ये (कोण किती डिस्क वापरतं ते दाखवणारं टूल) मारियाडीबी सगळ्यात वर, आणि जवळजवळ सगळं रीडच.

रात्रपाळी:
मग स्वॅप सोडून द्या, कधीतरी बाहेर टाकलेली पानं तिथे पडून आहेत, आत्ता ये-जा नाही ना, बास. डेटाबेस केवढा आहे? आणि इनोडीबी (मारियाडीबीचं स्टोरेज इंजिन) बफर पूल साइज, म्हणजे डेटा धरून ठेवायला त्याला दिलेली रॅम, कधी बदललाय का? डिफॉल्ट फक्त १२८ एमबी असतो.

कोरीपाटी:
डेटा १.६ जीबी. बफर पूलला कधी हातच लावला नाही.

रात्रपाळी:
हाच तो चोर. १०.६ पासून इनोडीबी डिफॉल्टने ओ-डायरेक्ट वापरतो, म्हणजे डेटा फायली वाचताना लिनक्सच्या कॅशला वळसा घालून थेट डिस्कवर, त्यामुळे तुमची २ जीबी कॅश त्याच्या काही कामाची नाही. बफर पूल १ जीबी करा आणि स्लो क्वेरी लॉग (हळू चालणाऱ्या क्वेरींची नोंद) चालू करा, एखाद्या टेबलवर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) नसेल तर नुसता पूल वाढवून फार फरक पडणार नाही.

टर्मिनलवाला:
पूल वाढवायच्या आधी पीएचपी-एफपीएमचं मॅक्स चिल्ड्रन (एका वेळी जास्तीत जास्त किती वर्कर प्रोसेस) बघा. समजा ५० आहे आणि एक वर्कर ४० एमबी खातो, तर सगळे उठले की २ जीबी तिथेच गेली, वर तुमचा नवा पूल. मग ओओएम किलर (रॅम संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) येतो आणि तो साधारण सगळ्यात जास्त मेमरी खाणारा प्रोसेस उडवतो, म्हणजे तुमचा डेटाबेसच. फक्त वर्करचा आकडा टॉपच्या रेस (प्रोसेसने धरलेली रॅम) रकान्यावरून घेऊ नका, त्यात ऑपकॅशसारखी (पीएचपीचा कंपाइल केलेला कोड धरणारी) शेअर्ड मेमरी प्रत्येकाच्या नावावर पूर्ण लागते आणि बेरीज फुगते. एसमेम नावाचं टूल टाका, त्यातला पीएसएस ती वाटून मोजतो.

कोरीपाटी:
पीएसएस ३५ च्या आसपास येतोय आणि मॅक्स चिल्ड्रन खरंच ५० निघालं 😅 २० वर आणलं, पूल १ जीबी केला. आज गर्दीच्या वेळी डब्ल्यूए ८-१०, लोड दीडच्या खाली. लॉगमध्ये मात्र एक सर्चची क्वेरी सारखी येतेय, लाइकमध्ये दोन्ही बाजूंना टक्का (म्हणजे पुढेमागे काहीही चालेल) लावलेली, तिला साधा इंडेक्स लागणार नाही ना?

रात्रपाळी:
नाही लागणार. फुलटेक्स्ट इंडेक्स (मजकुरातल्या शब्दांची सूची) करा आणि क्वेरी मॅच-अगेन्स्टने लिहा, पण शब्दाच्या मधलं अक्षर शोधायचं असेल तर तेही जमणार नाही, म्हणून आधी टेबलचं स्ट्रक्चर टाका इथे, बघून सांगतो.