ड्रेनेज सारखी तुंबतेय, कॅमेरा घालून बघावं का?

कोथरूडचा_बाळ्या
मंडळी, आमचं १९८४ सालचं बैठं घर, ड्रेनेज लाइन मूळचीच, चिनी मातीच्या पाइपांची. जूनपासून तिसऱ्यांदा तुंबलीय. वॉशिंग मशीनचं पाणी सुटलं की बाथरूमच्या जाळीतून फेस वर येतो आणि आई मला हाका मारते, जणू मीच अडकलोय तिथे. नेहमीचा प्लंबर बांबूची पट्टी घालतो, हजार घेतो, पंधरा दिवस बरं चालतं. आता म्हणतो अख्खं पार्किंग फोडा. गेल्याच वर्षी फरशी बसवलीय हो! दुसरा एकजण कॅमेरा घालतो म्हणतोय, साडेचार हजार. काही उपयोग होतो का, की नुसतं टीव्हीवर गटार बघायचं?

सिव्हिलवाला_सातारा
आधी फुकटातलं करा. तुंबलेली असतानाच सगळ्या चेंबरची झाकणं उघडा, जे भरलंय आणि त्याच्या पुढचं जे रिकामं आहे त्या दोघांच्या मधे अडलंय. गेटाबाहेरचं महापालिकेचं पण भरलेलं असेल तर तुमच्या लाइनीत कॅमेरा घालून काय दिसणार, सरळ तक्रार टाका.
आणि कॅमेरा नेहमी जेटिंग (जोरदार दाबाच्या पाण्याने लाइन धुणं) झाल्यावर लगेच. तुंबलेल्या पाण्यात लेन्स बुडाली की स्क्रीनवर फक्त चहा दिसतो. केबल किती आत गेली तो मीटरचा आकडा स्क्रीनवर येतो ना बघा, आणि लोकेटर आहे का विचारा, कॅमेऱ्याच्या डोक्यातला सिग्नल वरून पकडून खडूने फरशीवर फुली मारतात, मग तेवढंच फोडायचं.

ठाण्याची_नीलू
दादा, कॅमेरा चालू असताना स्वतः तिथे उभे राहा. आम्हाला एकाने "तुमची लाइन पूर्ण गेली" म्हणून व्हिडिओ दाखवला, त्यात पांढरा पीव्हीसी पाइप, आमचा तपकिरी चिनी मातीचा!! दुसऱ्याला बोलावलं तर खरी गोष्ट कळली, एका जागी कॅमेरा पाण्याखाली गेला आणि तीन-चार फुटांनी परत वर आला, म्हणजे पाइपाला झोळ, खालची माती बसलेली. ४ इंची लाइनीला साधारण ४० ला १ उतार लागतो, १० फुटांत ३ इंच. झोळ असेल तर कितीही जेटिंग करा, घाण तिथेच साचणार, तेवढा तुकडा काढूनच बदलावा लागतो.

आडनाव_नाही
एक राहिलं. बारीक गळती कॅमेऱ्यात कळेलच असं नाही. त्यासाठी खालचं तोंड बंद करून लाइन पाण्याने भरायची आणि पातळी उतरते का बघायची.

कोथरूडचा_बाळ्या
सगळ्यांचे आभार, काल करून घेतलं. बाहेरचं चेंबर रिकामं होतं म्हणजे दुखणं आमचंच. जेटिंगला केसांच्या गुंतवळासारखी मुळं निघाली, बादलीभर! मग कॅमेरा, ६.८ मीटरवर सांधा उघडा आणि त्यातून पांढरी मुळं आत लोंबतायत, बाकी लाइन ठणठणीत, झोळबिळ नाही. लोकेटरची फुली आली कुंपणाजवळ, फरशीच्या बाहेर, मातीत. दोन पाइप बदलून पीव्हीसी टाकतोय.
आता प्रश्न असा की बरोबर वर औदुंबर आहे, आई गुरुवारी तिथे दिवा लावते. झाड तोडायचं नाव काढलं तर मलाच बाहेर काढेल. मुळं परत येऊ नयेत म्हणून सांध्याला काय करता येईल?