हर्वेने काँक्रीटला अमर केलं म्हणे!

चिडका बिब्बा: काल इथे कुणीतरी लिहिलं की वास्तुविशारद कॉर्बुझियेच्या इमारती बघायला फोटोग्राफर ल्यूसियाँ हर्वेच्या फोटोंनी शिकवलं. दुर्लक्ष करणार होतो, झोप येईना. १९४९ साली हा गडी फ्रान्समध्ये मार्सेयला कॉर्बुझियेची इमारत बघायला गेला, एका दिवसात ६५० फोटो काढून कॉर्बुझियेला पाठवले. साहेब म्हणाले, तुमच्यात वास्तुविशारदाचा आत्मा आहे. म्हणणारच! लग्नाचा अल्बम नवरदेवाला आवडतोच. मग १९५५ मध्ये साहेबांनीच आखलेलं चंदीगड. सावलीचा त्रिकोण, भिंतीची कड, बाकीचं कात्रीने उडवलेलं. माणसं कुठायत? पावसात तिथे काय होतं ते कुठाय?

कृष्णधवल: कात्री हीच तर त्याची कला. रोलायफ्लेक्स कॅमेऱ्याची चौकोनी निगेटिव्ह जशीच्या तशी छापायला कोपऱ्यावरचा स्टुडिओवाला पुरतो. आणि माणसं आहेत हो, अवाढव्य भिंतीपुढे इवलीशी. फोटो बघून मग चिडा.

चिडका बिब्बा: इवलीशी! मोजपट्टी म्हणून उभी केलेली. चंदीगडच्या, कॉर्बुझियेच्याच हायकोर्टात मुख्य न्यायमूर्तींच्या कोर्टाबाहेर ऊन-पावसापासून आडोसा नाही म्हणून व्हरांडा बांधावा की नाही हे भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२५ मध्ये निकाल व्हरांड्याच्या बाजूने.

सेक्टर बावीस: वडिलांच्या बदलीमुळे आम्ही चार वर्षं चंदीगडला होतो. जूनमध्ये गच्चीवर पाणी मारल्याशिवाय झोप नाही. आईने कॉर्बुझियेला घातलेल्या शिव्या इथे लिहिता येणार नाहीत.

कृष्णधवल: ताई, सेक्टर २२ ची घरं जेन ड्रू आणि मॅक्सवेल फ्राय या वास्तुविशारदांची. शिव्या चुकीच्या पत्त्यावर गेल्या.

सेक्टर बावीस: बरं. आईला कळवते. गच्ची तेवढ्याने गार होणार असेल तर आनंदच आहे.

हप्तेवाला: या सगळ्याचं मूळ फोटोग्राफरच. वाकडला फ्लॅट घेतला. ब्रोशरमध्ये बेडरूम म्हणजे क्रिकेटचं मैदान. ताबा मिळाला तेव्हा पलंग लावल्यावर कपाटाचं दार अर्धंच उघडतं. वाइड अँगल लावणाऱ्याला त्याच कपाटात कोंडायला हवं.

मोजमाप: आमच्या ब्रोशरमधल्या बागेत मोर होता, मोर! प्रत्यक्षात ट्रान्सफॉर्मर.

कृष्णधवल: अहो, हर्वे काय फ्लॅट विकत होता का? तो कापून कमी दाखवायचा, तुमचा बिल्डर ताणून जास्त. यात फरक कळत नसेल तर बोलणंच खुंटलं.

हप्तेवाला: तुमचा हप्ता किती हो? नसेल तर कला सुचते.

कृष्णधवल: बत्तीस हजार. आणि दोन पावसाळे हॉलची भिंत ओली आहे. तरी हर्वे थोरच.

चिडका बिब्बा: ओल्या भिंतीचा फोटो टाका की. कापू मात्र नका.

कृष्णधवल: टाकतो. संध्याकाळी, उजेड तिरपा आला की.

चिडका बिब्बा: बघा! तिथेही उजेड हवाच! ठीक आहे, माणसांचं माझं चुकलं, पुन्हा पाहिले फोटो. एकात आहेत बऱ्यापैकी. बाकी मत तेच.

मोजमाप: ओलीवरून आठवलं, वॉटरप्रूफिंगवाला कुणी भरवशाचा असेल तर नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. ब्रोशर नको.