शिकारीसाठी रिकर्व्ह की कंपाउंड? मदत हवी आहे

हरणाएवढ्या जनावरासाठी धनुष्य घ्यायचंय. माझी खेच (दोरी पूर्ण ओढल्यावरचं अंतर) २७ इंच, सराव आठवड्यातून तीन दिवस. ४५ पौंडांचं (खेचायला लागणारा जोर) रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं साधं धनुष्य, आणि ६० पौंडांचं कंपाउंड, म्हणजे चाकांचं धनुष्य, यांत अडकलोय. परवाना, किमान पौंडांची अट वगैरे बघून झालंय. पौंड जास्त म्हणून कंपाउंडच घ्यावं का?

प्रतिसाद १
पौंडांवर जाऊ नका. ८० टक्के लेट-ऑफ (पूर्ण खेचल्यावर चाकांमुळे कमी होणारा भार) असेल तर ६० पौंडांचं कंपाउंड पूर्ण खेचल्यावर हातावर १२ पौंडच उरतात. जनावर झाडाआड थबकलं तरी खेचून वाट बघता येते. रिकर्व्हला शेवटच्या इंचालाच सगळ्यात जास्त भार, काही सेकंदांत नेम हलायला लागतो. शिवाय तुमचे ४५ हे ४५ नाहीतच. लिम्बवरचा (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यावरचा) आकडा २८ इंच खेचेचा असतो. इंच कमी म्हणजे दोन-अडीच पौंड गेले.

अंतर ठरवताना हात गरम झाल्यावरचे बाण धरू नका. दिवसाचा पहिला बाण सहा इंचांच्या ताटलीत किती मीटरवरून बसतो, रोज लिहून ठेवा. शिकारीत तो एकच बाण मिळतो. तीन दिवसांच्या सरावावर रिकर्व्हला १५ मीटर म्हणजे खूप झालं, कंपाउंडला ३० जमू शकतं.

प्रतिसाद २
बरोबर, पण रानात दोरी कापली गेली की कंपाउंडचा खेळ तिथेच संपतो, कारण बदलायला प्रेस (लिम्ब दाबून धरणारं यंत्र) लागतो. रिकर्व्हला स्ट्रिंगर (दोरी चढवायची साधी दोरी) पुरतो. फक्त जादा दोरी आधी शंभरेक बाण मारून ताणून घ्या, नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण लावायची खूण) बसवा आणि ब्रेस हाइट (न खेचलेल्या दोरीचं मुठीपासूनचं अंतर) जुन्या दोरीइतकी आणा (पीळ वाढवला की ती वाढते).

बाण हलका घेऊ नका. रिकर्व्हला पौंडामागे ९-१० ग्रेन (बाणाच्या वजनाचं माप), म्हणजे तुम्हाला ४०० च्या आसपास. कंपाउंडला ५ च्या खाली गेलात तर बाण न लावता दोरी सोडल्यासारखा दणका बसून लिम्ब तडकतात. शिकारीला ७ तरी ठेवा. रिकर्व्हवर बाणाच्या टोकाला लागताना उघडणारी पाती नकोतच, उघडण्यातच जोर खर्च होतो. दोन धारांचं स्थिर पातं लावा.

धागाकर्ता
कंपाउंडकडे झुकतोय. ६० झेपतील का, हे कसं बघू?

प्रतिसाद १
खुर्चीत बसा, बाण लावून धनुष्य लक्ष्याकडे सरळ धरा आणि वर न उचलता खेचा. आभाळाकडे न्यावं लागलं तर जड आहे. मग दोन्ही लिम्ब बोल्ट (लिम्ब धरणारे स्क्रू) सारखेच फेरे सैल करा. फेऱ्याला साधारण दोन-तीन पौंड उतरतात. किती फेऱ्यांपर्यंत चालेल ते माहितीपत्रकात असतं, त्यापुढे जाऊ नका. बाण न लावता दोरी चुकूनही सोडू नका. आणि पीप (दोरीतलं नेम धरायचं भोक) पाव इंचाचा घ्या, बारीक भोकातून संध्याकाळी पिन (धनुष्यावरची नेमाची खूण) दिसत नाही.